मतदान उद्या, निकाल आजच: अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट कोण देतं?

६ जून २०१६, सोमवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसह सहा राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचं मतदान होतं. बर्नी सँडर्स कॅलिफोर्निया पिंजून काढत होते, हिलरी क्लिंटन यांच्याही सभा चालूच होत्या. आणि त्याच संध्याकाळी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं बातमी सोडली की उमेदवारी हिलरींनी जिंकली. जिंकायला २,३८३ डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, लागत होते. त्यातले १,८१२ त्यांनी तोवरच्या मतदानातून मिळवले होते. उरलेले ५७१ होते सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी. त्यांनी अजून कुठेच मत दिलेलं नव्हतं. वार्ताहरांनी एकेकाला गाठून ‘तुम्ही कोणाच्या बाजूनं?’ असं विचारलं होतं, त्या उत्तरांची ती बेरीज होती.

न्यू जर्सीत एडिसनला माझी एक मावसबहीण राहते. नागरिकत्व मिळाल्यानंतरचं तिचं ते पहिलं मतदान. साडी नेसून गेली होती म्हणे. नंतर फोनवर म्हणाली, “लग्न लागून गेल्यावर अक्षता टाकायला गेल्यासारखं वाटलं गं.”

सँडर्सच्या समर्थकांनी ‘सगळं आधीच ठरलेलं होतं’ असा ओरडा केला. त्याच वर्षी पलीकडच्या पक्षात डोनाल्ड ट्रम्पही आपल्या पक्षाच्या पद्धतीला हाच शब्द वापरत होते, आणि ते तर जिंकत होते! ही पद्धत चालते तरी कशी आणि ती न्याय्य आहे की नाही, हे समजून घ्यायचं तर आधी एक भारतीय सवय बाजूला ठेवावी लागते.

आपल्याकडे तिकीटवाटप हा पक्षश्रेष्ठींचा मामला. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, तीन वाजायला दहा मिनिटं असताना एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला, त्यावर उमेदवार ठरतो. ज्याला मिळाला नाही तो रडतो, बंडखोरी करतो किंवा संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पक्षात जातो. पण ‘मला, एका साध्या मतदाराला, कोणी विचारलं का?’ असा प्रश्न कोणी करत नाही. अमेरिकेत तो प्रश्न विचारला जातो, कारण तिथे मतदाराला खरंच विचारतात. भांडण आहे ते कधी विचारतात, कसं विचारतात आणि उत्तराचं पुढे काय करतात, यावर.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. राष्ट्राध्यक्ष कसा निवडायचा याची कलमं आहेत, पण निवडणुकीला उभं कोण राहणार हे कोणी ठरवायचं, याबद्दल घटना गप्प आहे. ही पोकळी प्रत्येक पिढीनं आपापल्या सोयीनं भरली. सुरुवातीला संसदेतले त्या त्या पक्षाचे खासदारच एकत्र बसून नाव ठरवायचे. १८३० च्या दशकापासून ते काम पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाकडे गेलं. राज्याराज्यांतून डेलिगेट यायचे, हॉटेलांच्या खोल्यांत घोडेबाजार चालायचा, बहुमत जमेपर्यंत मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या व्हायच्या. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं १०३ फेऱ्या केल्या, तेव्हा कुठे जॉन डेव्हिस हे नाव निघालं. नोव्हेंबरमध्ये ते सपाटून हरले, हा भाग वेगळा.

प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी सामान्य मतदारांचं मतदान, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. पण बरीच वर्षं तिची किंमत सल्ल्याइतकीच होती. १९५२ मध्ये एस्टेस केफॉव्हर यांनी पंधरापैकी बारा प्रायमऱ्या जिंकल्या आणि अधिवेशनानं तिकीट दिलं अॅडलाय स्टीव्हन्सन यांना, जे प्रायमरीच्या वाटेला गेलेच नव्हते.

बरं, अधिवेशनाला येणारे डेलिगेट तरी कोण असायचे? १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यातून आलेलं डेमोक्रॅटिक शिष्टमंडळ पूर्ण गोरं होतं, कारण त्या राज्यात कृष्णवर्णीयांना मतदारयादीतच येऊ देत नसत. फॅनी लू हेमर ही कापसाच्या शेतात राबलेली बाई आपल्या सहकाऱ्यांसह अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात पोचली आणि समितीसमोर म्हणाली की खरं शिष्टमंडळ आमचं आहे. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले म्हणून घर सुटलं, पुढे तुरुंगात मारहाण झाली, हे ती कॅमेऱ्यासमोर सांगत होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईनं पत्रकार परिषद घेऊन कॅमेरे आपल्याकडे ओढले. वाहिन्यांनी तिची साक्ष संध्याकाळी दाखवली आणि उलट जास्त लोकांनी पाहिली. पक्षानं तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या घेतल्या नाहीत.

चार वर्षांनी धरणच फुटलं. १९६८. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं. जॉन्सन यांनी मार्चअखेर माघार घेतली. युद्धाला विरोध करणारे युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी प्रायमऱ्या जिंकत होते. जूनमध्ये कॅलिफोर्नियाचा विजय साजरा करून बाहेर पडताना केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनानं उमेदवारी दिली उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्रे यांना. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. आत हा निकाल, बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या, आणि दोन्ही टीव्हीवर.

त्यानंतर पक्षानं नियम बदलायला आयोग नेमला. आयोगाचं म्हणणं असं की डेलिगेट निवडण्याची प्रक्रिया खुली हवी, वेळेवर हवी, तिचे नियम लेखी हवेत. राज्यांना ते पाळायला सगळ्यात सोपा मार्ग प्रायमरी घेण्याचाच होता. कायदे बदलले की रिपब्लिकन पक्षालाही आपोआप त्याच रुळावर यावं लागलं. गंमत अशी की आयोगाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न यांनीच १९७२ मध्ये या नव्या नियमांखाली उमेदवारी जिंकली, आणि नोव्हेंबरमध्ये पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं हरले.

जुने जाणते म्हणाले, बघा, लोकांवर सोडलं की असं होतं. म्हणून १९८४ पासून सुपरडेलिगेट आले. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलून वर आलेल्यांनाही शब्द असावा, लोकांच्या मतांत दांडग्यांचं थोडं वजन मिसळावं, असा विचार. खासदार झाला की आपोआप सुपरडेलिगेट, त्यासाठी वेगळी निवडणूक नाही.

मला विचाराल तर सुपरडेलिगेटांना त्यांच्या अपराधापेक्षा जास्त शिव्या पडल्या. २०१६ मध्ये त्यांना हिशेबातून पूर्ण काढलं तरी हिलरींकडे मतदानातून आलेले सुमारे २,२०० डेलिगेट होते, सँडर्सकडे साधारण १,८५०. मतंही हिलरींना तीस लाखांहून जास्त होती. नुकसान झालं ते वेगळ्या प्रकारे. पहिलं मत पडायच्या आधीच टीव्हीवरच्या तक्त्यात हिलरींच्या नावापुढे शेकडो डेलिगेट दिसत होते. कुस्ती सुरू व्हायच्या आधी एकाच्या खात्यात गुण लिहून ठेवले की प्रेक्षकाला जे वाटेल, तेच लोकांना वाटलं. शिवाय पक्ष कार्यालयातले ईमेल जुलैमध्ये फुटले, त्यात काही अधिकाऱ्यांची सँडर्सविषयीची नाराजी उघड दिसली, आणि पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना ऐन अधिवेशनाच्या तोंडावर राजीनामा द्यावा लागला. २०१८ मध्ये नियम बदलला. आता अधिवेशनाच्या पहिल्या फेरीत निकाल अडलेला असेल तर सुपरडेलिगेटांना मत नाही. दुसरी फेरी झालीच तर आहे.

याला पक्षाची बाजूही आहे. सँडर्स हे व्हरमाँटचे अपक्ष सिनेटर. आपल्या भाषेत ‘आयात उमेदवार’. ट्रम्पही काही वर्षं डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले होते. ज्यानं कधी पक्षाची वर्गणी फाडली नाही त्यानं येऊन थेट देवघरात बसावं आणि घरच्यांनी नाराजीही दाखवू नये, हे जरा अतीच.

इथे खरा पेच आहे, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. पक्ष हा कोणाचा? तो सभासदांचा खाजगी क्लब आहे की लोकशाहीचा सार्वजनिक दरवाजा?

टेक्सासमध्ये या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं ‘क्लब’ असं होतं. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षानं ठराव केला होता की पक्षाच्या प्रायमरीत फक्त गोरे मत देतील. सरकारनं नव्हे, पक्षानं. सर्वोच्च न्यायालयानं १९३५ मध्ये ते मान्यही केलं: खाजगी संघटना आहे, सभासद कोण हे तिनं ठरवावं. आता टेक्सासमध्ये तेव्हा डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकलीच, नोव्हेंबरचं मतदान उपचारापुरतं. म्हणजे कृष्णवर्णीय माणसाला मताचा अधिकार होता, फक्त निकाल लागून गेल्यानंतरचा. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांना १९४० च्या प्रायमरीत मतपत्रिका नाकारली गेली. ते कोर्टात गेले, त्यांच्या बाजूनं थर्गूड मार्शल उभे राहिले. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं आपलाच आधीचा निकाल फिरवला. राज्य जर पक्षाच्या प्रायमरीला आपल्या निवडणूक यंत्रणेचा भाग बनवत असेल, तर पक्षाला खाजगीपणाच्या पडद्याआड लपता येणार नाही.

मग प्रश्न सुटला? अर्धाच. वंशावरून अडवता येत नाही, हे पक्कं झालं. पण बाकी बाबतींत पक्ष अजूनही बराचसा क्लब आहे. २०१६ मध्ये सँडर्सना देणग्या दिलेल्या काही लोकांनी डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीवर खटला भरला: तुमच्या घटनेत निःपक्षपाती राहू असं लिहिलंय, तुम्ही राहिला नाहीत, आमची फसवणूक झाली. फ्लोरिडातल्या न्यायालयात पक्षाच्या वकिलांनी एप्रिल २०१७ मध्ये जो युक्तिवाद केला, त्याचा अर्थ असा की आम्ही मनात आणलं असतं तर पूर्वीसारखं मागच्या खोलीत बसून, सिगार ओढत उमेदवार ठरवू शकलो असतो. वकील म्हणून मुद्दा बरोबर असेल. पण ज्या पक्षाच्या प्रायमऱ्या बहुतेक राज्यांत सरकारी खर्चानं, सरकारी यंत्रणेनं घेतल्या जातात, त्या पक्षानं हे म्हणणं म्हणजे गावच्या पैशानं मांडव घालून पंगतीला मात्र घरचेच बसवण्यातला प्रकार. खटला फेटाळला गेला.

या सगळ्या गदारोळात जी गोष्ट कोणी फारशी बघत नाही ती म्हणजे साधं गणित.

उदाहरण घेऊ दक्षिण कॅरोलायनाचं, फेब्रुवारी २०१६, रिपब्लिकन प्रायमरी. ट्रम्प यांना मिळाली साडेबत्तीस टक्के मतं. मार्को रुबियो आणि टेड क्रूझ यांना प्रत्येकी बावीस टक्क्यांहून थोडी जास्त. उरलेली जेब बुश, जॉन केसिक आणि बेन कार्सन यांच्यात वाटली गेली. राज्याला डेलिगेट होते पन्नास. नियम असा की राज्यात जो पहिला येईल त्याला २९, आणि सात मतदारसंघांत प्रत्येकी जो पहिला येईल त्याला तीन-तीन. ट्रम्प राज्यातही पहिले, सातही मतदारसंघांत पहिले. म्हणजे २९ अधिक २१, पन्नासच्या पन्नास. एक तृतीयांश मतांवर शंभर टक्के डेलिगेट.

हीच मतं डेमोक्रॅटिक नियमांखाली मोजली असती तर? तिथे ज्याला पंधरा टक्क्यांहून कमी मतं, तो बाद. उरलेल्यांत मतांच्या प्रमाणात वाटणी. ढोबळ हिशेब केला तर ट्रम्प २१, रुबियो १५, क्रूझ १४ च्या आसपास. मतदार तेच, दिवस तोच, आणि एकीकडे झंझावाती विजय, दुसरीकडे तिघांची रस्सीखेच. यात कोणी पेटी पळवलेली नाही. नियम छापील होता, सगळ्यांना वर्षभर आधी माहीत होता.

अर्थात पंधरा टक्क्यांच्या चाळणीतही दगड आहेतच. चौदा टक्के मिळवणाऱ्याला भोपळा. आणि त्या चौदा टक्क्यांची दुसरी पसंती कोण होती, हे कोणी विचारत नाही. आपण ज्याला मतविभागणी म्हणतो ती हीच. मराठी वाचकाला जवळचं उदाहरण हवं तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार घ्या. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात संसदेसाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक, म्हणजे खासदारकी तिथेच ठरली. यात ठाणेदारांचा दोष काहीच नाही, नऊ जण उभे राहिले की असंच होतं. आणि खासदार झाल्यामुळे ते २०२४ च्या अधिवेशनासाठी आपोआप सुपरडेलिगेटही झाले. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याच्या या यंत्रात एक मराठी पातंही आहे, ते असं.

जुन्या, धुरानं भरलेल्या खोल्यांचा एक गुण इथे आठवतो. तिथे फेऱ्यांवर फेऱ्या होत, त्यामुळे ‘माझा नाही तर मग कोण?’ हा प्रश्न निदान निघायचा. कोणाचाच लाडका नसलेला पण सगळ्यांना चालणारा माणूस सापडायचा. प्रायमरीत पहिली पसंती मोजली आणि मतपेटी बंद. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग या चार राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षानं पसंतीक्रम लिहून घेण्याची पद्धत वापरली. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात एक, दोन, तीन असं लिहितात, साधारण त्या जातीची. ती अजून फारशी पसरलेली नाही.

आता आयोवा. तिथे प्रायमरी नाही, कॉकस. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीत, संध्याकाळी सात वाजता, शाळेच्या जिमखान्यात किंवा चर्चच्या हॉलमध्ये लोक जमतात. डेमोक्रॅटांची जुनी पद्धत अशी होती की गुप्त मतदान नाही. सँडर्सवाले या कोपऱ्यात, वॉरनवाले त्या कोपऱ्यात, बायडनवाले खिडकीपाशी. डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात पंधरा टक्के माणसं नाहीत तो कोपरा मोडायचा, आणि मग शेजारीपाजारी त्यांना आपल्याकडे ओढायला धावायचे. ‘अहो, तुमची गुरं मी सांभाळली होती की, या इकडे!’ अशा थाटात. काही ठिकाणी बरोबरी झाली की नाणं उडवायचे, तेही नियमाप्रमाणे. रिपब्लिकनांचं सोपं: भाषणं ऐकायची, चिठ्ठी लिहायची, घरी जायचं.

ऐकायला हे फार गोड आहे, ग्रामसभेसारखं. पण रात्रपाळीची नर्स? लहान मूल घरी असलेली एकटी आई? व्हीलचेअरवरचे आजोबा? आणि मालक समोरच्याच कोपऱ्यात उभा असताना नोकरानं कुठे उभं राहायचं? २०२० मध्ये तर निकाल कळवण्यासाठी बनवलेलं अॅपच बंद पडलं आणि निकालाला दिवस लागले. तो लागला तेव्हा पहिल्या मोजणीत सँडर्सना पीट बुटिजेज यांच्यापेक्षा सुमारे सहा हजार डोकी जास्त होती, पण राष्ट्रीय डेलिगेट मिळाले बुटिजेजना १४ आणि सँडर्सना १२. डोकी मोजून त्यांचं रूपांतर कुठल्याशा ‘राज्य डेलिगेट समतुल्यां’मध्ये करायचं, असं ते सूत्र. मी ते तीनदा वाचलं. तुम्हाला समजावण्याचा आव आणणार नाही.

पण सूत्राहून मोठी गोष्ट आहे तारीख. माझ्या मते या सगळ्या पद्धतीत सर्वांत अन्यायाचं काही असेल तर ते वेळापत्रक.

आयोवा १९७२ पासून पहिलं, न्यू हॅम्पशायरची प्रायमरी १९२० पासून पहिली. न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या चौदा लाखांच्या आतबाहेर, २०११ च्या जनगणनेतल्या नाशिक शहराहूनही थोडी कमी. दोन्ही राज्यं देशाच्या मानानं खूपच गोरी. तरी पहिल्या क्रमांकाचा मान म्हणजे वर्षभर उमेदवार तुमच्या दारात, कॅमेरे तुमच्या हॉटेलात. न्यू हॅम्पशायरनं तर कायदाच केलाय: तशा कुठल्याही निवडणुकीच्या निदान सात दिवस आधी आमची प्रायमरी होणार. तिथल्या डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीत मध्यरात्री बाराला मतदान होतं आणि दहा मिनिटांत निकाल. २०२४ मध्ये तिथे मतदार होते सहा. सहाही मतं ट्रम्प यांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी निकी हेली यांना. जगभर बातमी.

त्यामानानं जूनमध्ये मत देणाऱ्या न्यू जर्सीतल्या लाखो मतदारांचं काय? तोवर निम्म्याहून अधिक उमेदवार पैसे संपून, नाव मागे घेऊन घरी गेलेले असतात. २०२० च्या शर्यतीतून कमला हॅरिस यांनी तर एकही मत पडायच्या आधी, डिसेंबर २०१९ मध्येच माघार घेतली होती. उशिरा मत देणाऱ्याला उरलेल्यांतून निवडायचं असतं, आणि कधी कधी एकच उरलेला असतो.

मग राज्यं पुढे घुसतात. २००८ मध्ये मिशिगन आणि फ्लोरिडानं पक्षानं बजावूनही जानेवारीत प्रायमऱ्या घेतल्या. डेमोक्रॅटिक पक्षानं शिक्षा म्हणून त्यांचे सगळे डेलिगेट रद्द केले. बराक ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नाव काढून घेतलं, हिलरींनी ठेवलं. पुढे दोघांत एकेका डेलिगेटसाठी चुरस झाली तेव्हा ही रद्द झालेली मतं सगळ्यांना आठवली. ३१ मेला पक्षाच्या नियम समितीनं तडजोड केली: मिशिगनचे डेलिगेट घ्यायचे, पण प्रत्येकाला अर्धंच मत. हिलरींना ६९, ओबामांना ५९. ज्या माणसाचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं त्याला ५९ डेलिगेट! हिलरींचे लोक संतापले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पण दुसऱ्या बाजूनं विचारा, एकाच मुख्य उमेदवाराचं नाव असलेली निवडणूक ग्राह्य तरी कशी धरायची? एकदा नियमाची शिवण उसवली की पुढे कुठलाही टाका सरळ पडत नाही.

२०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं अखेर दक्षिण कॅरोलायनाला पहिला मान दिला. तिथले डेमोक्रॅटिक मतदार मोठ्या संख्येनं कृष्णवर्णीय आहेत, त्यामुळे न्यायाचा मुद्दा होताच. पण २०२० मध्ये जो बायडन यांची बुडती नाव याच राज्यानं वर काढली होती, हेही सगळ्यांना माहीत होतं. न्याय आणि सोय एकाच दिशेला असली की राजकारणी न्यायी होतात. न्यू हॅम्पशायरनं ऐकलं नाहीच. बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नसताना लोकांनी ते हातानं लिहून त्यांना जिंकवलं.

रिपब्लिकनांकडे त्याच वर्षी नेवाडात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. राज्याच्या कायद्यानं ६ फेब्रुवारीला प्रायमरी. पक्ष म्हणाला, डेलिगेट आम्ही ८ तारखेच्या कॉकसमधूनच देणार, आणि जो प्रायमरीत उतरेल त्याला कॉकसमध्ये जागा नाही. हेली प्रायमरीत, ट्रम्प कॉकसमध्ये. हेलींसमोर तगडा उमेदवारच नव्हता. नेवाडाच्या मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ असा पर्याय असतो, आपला नोटा. नोटाला ६३ टक्के मतं पडली, हेलींना ३०. दोन दिवसांनी ट्रम्प यांनी सगळे डेलिगेट घेतले.

कोण मत देऊ शकतं याचेही राज्यागणिक वेगळे कायदे. काही ठिकाणी कुठलाही मतदार कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत जाऊ शकतो, काही ठिकाणी आधीपासून त्या पक्षाचा म्हणून नोंदलेलाच. न्यूयॉर्क दुसऱ्या प्रकारातलं. एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलून घ्यायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती. ट्रम्प यांची मुलगी इव्हांका आणि मुलगा एरिक यांना हे वेळेत कळलं नाही, आणि दोघांनाही आपल्याच वडिलांना मत देता आलं नाही.

आणि मग जुलै २०२४. बायडन यांनी सुमारे एक कोटी चाळीस लाख मतं आणि जवळजवळ सगळे डेलिगेट जिंकलेले. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि हॅरिस यांना पाठिंबा दिला. दुसऱ्या कोणाला रिंगणात यायचं तर तीनशे डेलिगेटांच्या सह्या आणायच्या होत्या. कोणी आणल्या नाहीत. १ ते ५ ऑगस्टदरम्यान ऑनलाइन मतदान झालं, ९९ टक्के डेलिगेट हॅरिस यांच्या पाठीशी. जवळजवळ बिनविरोधच.

हे नियमाला धरून होतं, यात मला शंका नाही. डेलिगेट हा निरोप्या नसतो. उमेदवारच उरला नाही तर त्यानं आपल्या बुद्धीनं मत द्यायचं, म्हणूनच तर हाडामांसाची माणसं पाठवतात. हॅरिस या बायडन यांच्याच जोडीदार म्हणून पुन्हा उभ्या होत्या, त्यामुळे मतदारांना त्या अगदी परक्याही नव्हत्या. तरी मला खटकतं ते जुलैतलं नाही, त्याआधीच्या वर्षातलं आहे. पदावरच्या राष्ट्राध्यक्षासमोर पक्षातल्या कोणाही वजनदार माणसानं उभं राहायचं नाही, हा संकेत कुठेच लिहिलेला नाही आणि सगळ्यांनी पाळला. ज्या प्रायमरीत लढतच झाली नाही ती जिंकून बायडन जूनपर्यंत आले. मतदारांचा हक्क काढून घेतला असेल तर तो तेव्हा, गाजावाजा न करता.

एडिसनच्या बहिणीनं त्या वर्षीही ४ जूनला मत दिलं. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं अशी रीत होती की जिल्ह्यातल्या पक्षानं पसंत केलेल्या सगळ्या पदांच्या उमेदवारांची नावं मतपत्रिकेवर एकाच ओळीत येत आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात टाकलेले असत. ‘काउंटी लाइन’ म्हणतात तिला. सिनेटच्या उमेदवारीसाठी लढणारे खासदार अँडी किम यांनी कोर्टात जाऊन मार्चमध्ये त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली होती. मतपत्रिका पहिल्यांदाच नीट वाचता आली, असं ती म्हणाली. तिनं बायडन यांच्या नावावर खूण केली.

सात आठवड्यांनी तिचा फोन आला. “या वेळी अक्षता अगदी मुहूर्तावर टाकल्या होत्या,” ती म्हणाली. “नवरदेवच बोहल्यावरून उतरून गेला.”